कोरडा हात

परवा सास्तूरकडचा एक ओळखीचा शेतकरी कामासाठी धाराशिवला आला होता. चहाला माझ्याकडं थांबला. बोलता बोलता म्हणाला, निवृत्तीअण्णा सीमेपलीकडच्या जनावरांच्या बाजारात दिसला. कसा आहे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "एकदम झकास. दात सुदिक शाबूत हायत."

ऐकून मला आनंद झाला नाही आणि रागही आला नाही, नुसता थकवा आला. अण्णामुळं ज्यांची झोप उडाली अशी माणसं मला माहीत आहेत. त्यांतल्या कुणाला साखर झाली, कुणाला रक्तदाब, एकजण गाव सोडून गेला. अण्णाची झोप मात्र ठणठणीत होती आणि आता कळलं की दातही आहेत. देवाच्या घरचा न्याय म्हणतात तो हाच असेल तर मला त्यावर काही बोलायचं नाही. आता वादाची ताकदही राहिलेली नाही.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं लोहारा तालुक्यातल्या एका गावात काढली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, त्यामुळं रस्ते सरळ आणि घरं सारखी. माझ्या क्वार्टरच्या शेजारचं घर अण्णाचं. तो हेडी होता, म्हणजे जनावरांच्या बाजारातला दलाल. तोंडावर मी त्याला नेहमी अहोजाहो केलं. लिहिताना मात्र तेवढा मान द्यायला मन तयार होत नाही, म्हणून एकेरीच लिहितो.

त्याचा हात मी पहिल्यांदा धरला तो त्याच्याच उपरण्याखाली. मी नवीन होतो आणि बाजारातला सौदा कसा होतो ते बघायची हौस होती. आमच्याकडं अजूनही जुनी माणसं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. भाव जमला की घेणारा हात न सोडता एकच शब्द विचारतो, "खोड?" म्हणजे जनावरात काही खोट आहे का. विकणारा "न्हाय" म्हणतो. त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं, कारण तोंड काय, कुणाचंही गोड असतं. लक्ष हातावर ठेवायचं. हात थरथरला किंवा ओला झाला तर सौदा मोडायचा. कोरडा राहिला तर माणूस खरा.

हे सगळं मला अण्णानंच समजावून सांगितलं आणि म्हणाला, "डॉक्टर, आता येक खोटं बोला." मी म्हणालो, आमच्या घरी चार म्हशी आहेत. तो मोठ्यानं हसला. "लई पाझर हाय की तुमच्या हाताला. तुमी जन्मात कधी खेळू नका." मग त्यानं सांगितलं की त्याच्या घरी सात हत्ती आहेत. त्याचा हात माझ्या हातात होता. भर चैत्रातलं ऊन, माणसांची आणि जनावरांची गर्दी, आणि तो तळहात कोरडा होता, थोडा गारसुद्धा.

त्या बाजारात अण्णाच्या शब्दाला सगळ्यात जास्त किंमत होती, यात नवल नाही. लोकांची पद्धत चांगली होती, पिढ्यान्‌पिढ्या तपासलेली होती. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरलेली होती, की खोटं बोलताना माणूस भितो.

दिसायला तो देखणा होता. पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्यावर घडी न मोडलेलं उपरणं. शेणामुतात दिवसभर वावरून अंगावर डाग नाही. कधी कुणावर ओरडला नाही. सगळ्यांच्या लेकराबाळांची नावं पाठ. मयतीला पहिला हजर, खांदा द्यायला पहिला पुढं. एका मयतीला मी त्याच्या शेजारी उभा होतो. आभाळ भरून आलं होतं, सरण रचत होते, मेलेल्याची लेक आडवी पडून रडत होती. अण्णानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आदी पाऊस का आदी आग? लावताव का?" मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी बघितलं तर तो उत्सुकतेनं आभाळाकडं बघत होता. पाऊस आला नाही. चिता पेटल्यावर त्याचा चेहरा असा पडला, की लोकांना वाटलं त्याला मेलेल्याचं फार दुःख झालं आहे.

तो कशावरही पैज लावायचा. पत्ते, मटका, पुढं मोबाईलवरचे खेळ, ते तर होतंच. पण एसटी वेळेवर येते का, गाभण म्हैस आज विते का उद्या, पाहुणा दुसरा चहा घेतो का, यावरही त्याचं काहीतरी लागलेलं असायचं. "बघू तर काय निघतंय," हे त्याचं पालुपद. त्याला पैशाचं वेड होतं असं म्हणावं तर तेही खरं नाही. जिंकलेलं दुसऱ्या दिवशी उधळून मोकळा व्हायचा. जेव्हा काहीच लागलेलं नसे, तेव्हा मात्र तो ओट्यावर बसून जांभया द्यायचा आणि त्या वेळी त्याच्याजवळ बसायला मला नको वाटायचं.

भूकंपानंतरची एक गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. दुपारी चौघंजण पत्ते खेळत बसले असताना जमीन पुन्हा हलली. आधीच्या हादऱ्यानं घरातली माणसं गिळलेली, त्यामुळं पत्ते टाकून सगळे बाहेर धावले. अण्णा उठलाच नाही. वरचे पत्रे खडखडत असताना त्यानं निवांतपणे तिघांचे पत्ते उलटे करून बघितले, परत होते तसे ठेवले आणि ते आल्यावर तो डाव जिंकला. ऐकणारे म्हणायचे, अण्णाचं काळीज वाघाचं. त्याची बायको सुंदरावहिनी एकदा माझ्या घरी ताक द्यायला आली असताना हीच गोष्ट निघाली. तिचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. ती शेजारच्या शेडमध्ये भाकरी करत होती. "मला हाक सुदिक मारली न्हाय ह्येंनी," एवढंच ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन गेली.

गावात जुगार फार वाढला तेव्हा म्हाताऱ्यांनी एक उपाय काढला. सगळ्या खेळणाऱ्यांना देवळात बोलावलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. तळहातावर बेलाचं पान, वर हळदीचा भंडारा, आणि देवासमोर म्हणायचं की आजपासून पत्त्याला शिवणार नाही. आमच्याकडं ही शपथ मोडणं म्हणजे गंमत नाही. गणपत नावाचा एक गवंडी होता, त्याचा हात इतका कापला की भंडारा खाली सांडला आणि तो लहान पोरासारखा रडला. अण्णाच्या हातावरचं पानसुद्धा हललं नाही. लोकांनी बाजाराचाच हिशेब देवळात लावला. गणपतचं काही खरं नाही, अण्णा मात्र सुटला, असं सगळे म्हणाले. एका म्हाताऱ्यानं तर अण्णालाच इतरांवर लक्ष ठेवायला सांगितलं.

गणपतनं शपथ मोडली, नाही असं नाही. पण मोडली तेव्हा तो तापानं फणफणला. देवळाच्या पायरीवर नाक घासून आला, पुन्हा मोडली, पुन्हा घासलं. असं करत करत एक दिवस कामासाठी दुसऱ्या गावी निघून गेला. तिथं तो खेळत नाही असं ऐकतो. अण्णा त्याच आठवड्यात भर दुपारी वडाखाली पत्ते पिसत बसलेला मला दिसला. मी म्हणालो, अण्णा, परवा भंडारा उचलला होता ना? त्याला माझा प्रश्न खरंच कळला नाही. माझ्याकडं जरा वेळ बघून तो म्हणाला, "हळद व्हती डॉक्टर. घरी जाऊन धुतली की."

पण अण्णा मला पुरता कळला तो चंद्रीच्या वेळी. चंद्री ही सुंदरावहिनीची गाय. तिच्या बापानं माहेरहून दिलेली. गाय पहिल्यांदा गाभण होती आणि वहिनी तिला आपल्या ताटातली भाकरी चारायची. वेणा सुरू झाल्या आणि अडलं. मला बोलावलं. वासरू आडवं आलं होतं. माझा हात खांद्यापर्यंत आत, घामानं डोळे चुरचुरत होते. वहिनी गाईचं तोंड मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत होती. अण्णा माझ्या डोक्याशी उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत होता, "खोंड का कालवड? लागतंय का हाताला काय?" मी वैतागून म्हणालो, आधी जगू द्या. तो म्हणाला, "जगूच द्या, पण हाय काय?"

शेवटी वासरू निघालं. खोंड होता, म्हणजे नर. गाय वाचली, खोंडही वाचला. वहिनीनं माझ्या पायाला हात लावला. अण्णा दारात जाऊन कुणालातरी हाक मारून आला. बाहेर दुसरा एक हेडी बसलेला होता. अण्णानं पैज कालवडीवर लावली होती आणि पैजेत गाय लागली होती. गाईनं वासराला अजून नीट चाटलंही नव्हतं. अण्णानं दावं सोडलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. "शब्द म्हंजे शब्द," तो हसत म्हणाला. वहिनी जागची उठली नाही. तिच्या लुगड्यावर गाईच्या वारेचं पाणी तसंच होतं.

मी तेव्हा अण्णाकडं नीट निरखून बघितलं. माझा धंदाच जनावराच्या डोळ्यांतलं दुखणं ओळखायचा. बायकोला तो छळतोय असंही त्याच्या डोळ्यांत नव्हतं. काही वाईट झालंय हेच तिथं पोचलेलं नव्हतं. आणि गावानं काय म्हणावं? गावानं म्हटलं, अण्णा शब्दाचा पक्का माणूस, घरची गाय दिली पण शब्द दिला तो पाळला. त्या दिवसापासून मी गावाशी या विषयावर वाद घालणं सोडून दिलं.

माझी भाची मेघा मानसोपचाराची डॉक्टर आहे. सुट्टीत आली होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मामा, माणूस न तपासता त्याला नाव चिकटवू नये. मी म्हणालो, नाव नको, पण असं असतं का? तेव्हा म्हणाली, असतं. जुगारी बहुतेक गणपतसारखेच असतात. भितात, झुरतात, तरी हात थांबत नाही, आणि त्यांना मदत करता येते. थोडे असे असतात की ज्यांना पुढच्या नुकसानीची भीतीच शिवत नाही आणि दुसऱ्याचं दुःख लागत नाही. आपण चुकीचं पान उचलायच्या आधीच आपल्या तळहाताला घाम सुटतो, यांना सुटत नाही. सायकोपॅथ म्हणतात ते यांतलेच. खून करणारेच असतात असं नाही, गोड बोलणारे शेजारीही असतात. डाव लावला तेवढ्यापुरतं त्यांना काहीतरी वाटतं, एरवी सगळं बेचव. मी विचारलं, यावर औषध? तिनं रिकामा कप माझ्यापुढं सरकवला, आणि मी चहा गरम करायला आत गेलो.

हे मी सुंदरावहिनीला सांगितलं नव्हतं. पण तिनंच एक दिवस मला गाठलं. तिचा एकुलता मुलगा बालाजी तेव्हा विशी ओलांडलेला होता. बापासारखाच देखणा, तसाच नीटनेटका, कमी बोलणारा. गाय जाताना अण्णानं खोंडही दिलाच होता, पण पुढं बालाजीनं दोन गोऱ्हे आणून पोटच्या लेकरांसारखे वाढवले आणि त्यांची चांगली बैलजोडी झाली होती. लस द्यायला मीच जायचो. तो मोबाईलवर खेळू लागला आहे, एवढं माझ्याही कानावर होतं.

वहिनी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. तिथूनच म्हणाली, "डॉक्टरसाब, तुमी वळू बगून गाय भरवताव. मला येक सांगा. जसा वळू तसंच वासरू निगतंय का?"

मी म्हणालो, दूध उतरतं, रंग उतरतो, अंगलोट उतरते.

"आन आतलं?"

थापा मारून धीर द्यायचं माझं वय उरलं नव्हतं. मी तिला म्हणालो, वहिनी, ते मला माहीत नाही. तिनं मान डोलावली. म्हणाली, "हरला तरी त्येच्या तोंडावर काय दिसत न्हाय. त्येंच्यावानीच हसतंय. गाय गेली, म्या काय म्हणले न्हाय. पर हे गेलं तर मी काय करू?" त्यानंतर ती रोज देवाला एकच मागणं मागायची, बालाजी तसा निघू नये.

माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. बाजारात माझं लसीचं टेबल मांडलं होतं. वहिनी येऊन माझ्यामागं जमिनीवर बसली. धापा टाकत होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की अण्णानं आज पोरावरच पैज लावली आहे. अण्णाकडं एक बसका बैल आला होता, म्हणजे दिसायला भक्कम, पण औताला जुंपला की खाली बसणारा. तो बालाजीनं हात धरून, खोड न्हाय म्हणून, एका म्हाताऱ्याला विकून दाखवायचा. नाही जमलं तर बालाजीची बैलजोडी पैज घेणाऱ्या दुसऱ्या हेड्याची. बालाजी कबूल झाला होता. बापानं आजपर्यंत त्याच्याकडं एवढं लक्ष कधीच दिलं नव्हतं, म्हणून झाला असेल.

मी उठू लागलो. जाऊन त्या म्हाताऱ्याला सांगतो म्हणालो. वहिनीनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"नगा जाऊ. बगू द्या मला," ती म्हणाली. "बैल गेलं तर जाऊ द्या डॉक्टरसाब. माजं पोरगं जिकू नये."

म्हातारा बैलाभोवती दोनदा फिरला, पाठीवर थाप मारली, दात बघितले. मग त्यानं बालाजीपुढं हात केला. अण्णानं स्वतःचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि बाजूला झाला. "बघू तर काय निघतंय," तो त्या दुसऱ्या हेड्याला म्हणाला. बोटं हलत होती, उपरणं हलत होतं. बालाजीचा चेहरा बापासारखाच होता, गुळगुळीत, हसरा. वहिनीच्या मुठीत माझी बाही पिळली गेली होती. भाव जमला. म्हाताऱ्यानं विचारलं, "खोड?"

बालाजी स्वच्छ आवाजात म्हणाला, "न्हाय."

म्हातारा तसाच उभा राहिला. त्यानं बालाजीच्या तोंडाकडं बघितलंच नाही, जमिनीकडं बघत होता. मग त्यानं सावकाश उपरणं काढून अण्णाकडं दिलं, बालाजीचा हात सोडला आणि आपला हात धोतराला पुसला.

"तोंड न्हाय म्हंतंय पोरा," तो हळूच म्हणाला, "पर हाताला पाणी सुटलंय तुझ्या." आणि बैलाकडं पाठ करून निघून गेला.

बालाजीचं हसू तेव्हा गळून पडलं. पोराची मान खाली गेली. अण्णा चिडला नाही. तो झाडाखाली गेला, बालाजीच्या जोडीची दावी सोडली आणि त्या हेड्याच्या हातात दिली. शब्द म्हणजे शब्द. बैल जायला तयार नव्हते, मान वळवून बालाजीकडं बघत होते. बालाजीनं त्यांच्याकडं बघायचं टाळलं. मग अण्णानं लेकाचा हात धरून उन्हात उलटा केला आणि जनावराचे दात बघावेत तसा तो तळहात बघितला.

"ह्येच्या हाताला घाम येतोय डॉक्टर," तो मला म्हणाला. आवाजात राग नव्हता, खेदही नव्हता. "आपल्या कामाचं न्हाय हे. घिऊन जावा घरी."

त्यानं हात सोडून दिला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि गर्दीत शिरला. पुढं कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून तो हसून काहीतरी म्हणाला. तो पांढरा सदरा बैलांच्या शिंगांमधून दिसेनासा होईपर्यंत मी बघत होतो. एकदाही त्यानं मागं वळून बघितलं नाही. तो घरी परतलाच नाही, आणि त्यानंतर मला दिसला नाही.

बालाजी आमच्यापुढं येऊन उभा राहिला. आईकडं बघवेना म्हणून तो ओला हात पँटीला पुसू लागला. वहिनी उठली. तिनं त्याचं मनगट धरलं आणि तो तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होतो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुसू नगं."